पोटखराब्याचे राखणदार

सातबाराच्या उताऱ्यावर ‘पोटखराबा’ असा एक शब्द आढळतो. जी जमीन नांगराखाली येत नाही, खडकाळ आहे, ओढ्याकाठची आहे, तिची नोंद या सदराखाली होते. शेतकऱ्याची त्याबद्दल सहसा तक्रार नसते. जेथे पीक नाही तेथे आकारणीही नाही, ही त्याच्या सोयीचीच गोष्ट आहे. तथापि दप्तरातले शब्द दप्तरातच राहत नाहीत. ते हळूहळू पाहणाऱ्याच्या डोळ्यांत उतरतात, आणि ज्या जमिनीला आपण खराब म्हटले ती आपल्याला खरोखरच खराब दिसू लागते. इंग्रजी अमदानीत जी जमीन महसूल देत नव्हती ती ओसाड ठरली. स्वातंत्र्यानंतरही ही दृष्टी फारशी पालटली नाही. केंद्र सरकारने २००० साली देशातील पडीक जमिनींचा पहिला नकाशासंग्रह प्रसिद्ध केला, तेव्हा झुडपी माळांची आणि गवताळ रानांची विस्तीर्ण क्षेत्रे त्यात जमा झाली.

पुणे-सोलापूर मार्गावरील चौफुल्याहून दक्षिणेला वळले की थोड्याच वेळात सुप्याचा माळ लागतो. मे महिन्यात येथून जाणाऱ्या प्रवाशाला तेथे पाहण्यासारखे काहीच दिसत नाही. करड्या रंगाचे वाळके गवत, मधूनच एखादे हिवराचे किंवा बोरीचे झुडूप, आणि वर तापलेले आकाश. परंतु याच माळाचा ५.१४ चौरस किलोमीटरचा तुकडा १९९७ साली मयूरेश्वर अभयारण्य म्हणून घोषित झाला, कारण तेथे चिंकारा हे लहानखुरे, लाजाळू हरीण आपला जीव राखून होते. पूर्वेला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीचा माळ आहे. तेथेही चिंकारा आहे, खोकड आहे, तरस आहे, आणि लांडगा आहे. हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले भोवत्या पक्षी या गवतावरून खालून खालून तरंगत जातात. कुसळी, पवना, मारवेल ही या माळाची गवते. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की हाच ‘खराबा’ असा हिरवा होतो की मे महिन्यातील प्रवाशाने तो ओळखूही नये.

हे माळ म्हणजे तोडलेल्या जंगलाचे अवशेष आहेत, असा समज बराच काळ होता आणि अनेकांचा अजूनही आहे. जंगल तोडले म्हणून माळ झाला, तेव्हा झाडे लावली की जंगल परत येईल, असे हे सरळ गणित. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या गणिताला चांगलाच धक्का दिला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी जुने मराठी ग्रंथ, चरित्रे, लोककथा आणि ओव्या यांत येणारे झाडाझुडपांचे उल्लेख गोळा केले, आणि पश्चिम महाराष्ट्रातील हा विरळ झाडांचा गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षे असाच आहे, असे दाखवून दिले. वाङ्मयावर प्रेम करणाऱ्या आपल्यासारख्यांना या गोष्टीचा विशेष आनंद वाटावा. वनस्पतिशास्त्राच्या वादात मराठी ओवीची साक्ष काढली गेली आणि ती ग्राह्य ठरली, असा प्रसंग वारंवार येत नाही.

आता या माळाचा राखणदार कोण? वनखाते आहे, कायदा आहे. लांडगा आणि चिंकारा दोघेही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. पण परिशिष्टाने लांडगा जगत नाही. तो जगला याचे एक मोठे कारण मेंढपाळ हे आहे.

बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर आणि नीरेपलीकडील फलटण हा धनगरांचा मुलूख. दख्खनी मेंढी ही कोरड्या हवेची. मुसळधार पावसात तिचे खूर सडतात. म्हणून पावसाळ्यात कळप या पूर्वेकडच्या माळांवर राहतात आणि दिवाळीच्या सुमारास वाडे बाहेर पडतात. वाडा म्हणजे आपण समजतो ती चिरेबंदी इमारत नव्हे. एकत्र प्रवास करणारी काही कुटुंबे, त्यांची घोडी, घोड्यांवर लादलेले बिऱ्हाड, कोंबड्या, कुत्री, आणि शेकडो मेंढ्या मिळून वाडा होतो. काही वाडे घाट उतरून कोकणात जातात, काही देशावरच बागायती गावांतून फिरतात. भात कापून झालेल्या खाचरात रात्री मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंडीमुताचे खत जमिनीला मिळायचे, आणि त्याबद्दल शेतकऱ्याने धान्य किंवा पैसे द्यायचे, हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. रायगड जिल्ह्यातील वाचकांनी हे वाडे आपल्या दारावरून जाताना पाहिले असतील. जूनच्या तोंडाशी ते परत फिरतात.

या फिरण्यात एक शहाणपण आहे. कळप एका जागी ठाण मांडून बसला तर गवत मुळासकट जाते. कळप पुढे सरकत राहिला तर गवताला उसंत मिळते. कोणत्या माळावर कुसळी पिकण्यापूर्वी चारायचे, कोणत्या ओढ्याला कुठवर पाणी टिकते, यंदा कोणत्या वाटेने जाऊ नये, या गोष्टी वाड्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात आणि वाड्यातील बायकांनाही तितक्याच ठाऊक असतात, कारण तळ कोठे टाकायचा आणि पाणी किती दुरून आणायचे हा प्रश्न शेवटी त्यांच्याच डोक्यावर येतो. लांडग्याने एखादे कोकरू नेले तर तो त्याचा वाटा होता, असे म्हणणारी जुनी माणसे धनगरांत अजून भेटतात. सगळेच तसे म्हणत नाहीत, आणि ज्याचे कोकरू गेले त्याने तसे म्हणावे अशी सक्ती करण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्या समाजात हा शब्द निदान उच्चारला जातो त्या समाजाच्या वाटेवर लांडगा अजून शिल्लक आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. योहानाच्या शुभवर्तमानातील उत्तम मेंढपाळाचे चित्र आपल्या कितीतरी चर्चमध्ये आहे. महागुरुस्वामींच्या हातातील दंड हीसुद्धा मेंढपाळाचीच काठी. त्या चित्रापुढे आपण आदराने थांबतो आणि रस्त्यात खराखुरा कळप आडवा आला की मोटारीचा भोंगा वाजवतो!

कडबनवाडीची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेथे राखण केली ती गावात राहणाऱ्या माणसांनी. गावातील एका शिक्षकांच्या पुढाकाराने लोकांनी माळावर पाणी अडविले, शिकाऱ्यांना अटकाव केला, आणि चिंकारा पुन्हा दिसू लागला. हे काम कोणी वरून सांगितले म्हणून सुरू झाले नव्हते. पुढे वनखात्याने कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. पर्यटक पैसे देऊन जे पाहू लागले ते गावकऱ्यांनी आधीच राखून ठेवलेले होते.

या दोन तालुक्यांची ख्याती मात्र माळासाठी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा आला आणि त्याच्या काठची जमीन बागायती झाली. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, भीमेचा फुगवटा इंदापूरच्या सीमेवर पसरला आणि गावेच्या गावे पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने देऊळ पाणी ओसरले की आजही वर येते. ऊस, द्राक्षे, डाळिंबे, साखर कारखाने, औद्योगिक वसाहती अशी ही भरभराट आहे. तिला नाके मुरडणे हा कृतघ्नपणा होईल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना पाण्याची किंमत कोणी शिकवण्याची गरज नाही. परंतु या भरभराटीचा हिशेब मांडताना माळ हा नेहमी शिल्लक जागा म्हणून धरला गेला. जे काही नवे आणायचे ते माळावर. कारखाना असो, वसाहत असो, कचऱ्याचा डेपो असो.

आणि आता हवामानबदलाचा उपायही माळावरच येऊन उभा आहे.

हा उपाय दोन रूपांनी येतो. एक रूप झाडांचे. हवेतील कर्बवायू शोषला जावा म्हणून माळावर चर खोदायचे, खड्डे घ्यायचे, आणि गिरिपुष्पासारखी झपाट्याने वाढणारी झाडे लावायची. हेतू चांगला आहे यात शंका नाही. आपल्या धर्मग्रामांतील युवक मंडळेही पावसाळ्यात उत्साहाने रोपे लावतात. पण गवताला ऊन लागते. दाट सावलीत कुसळी आणि पवना टिकत नाहीत. शिवाय गवताने शोषलेला कर्ब बहुतांशी मुळांत आणि मातीत असतो. वर वणवा लागला, दुष्काळ पडला, तरी खालचा साठा बराचसा शाबूत राहतो. झाडाचा साठा मात्र जमिनीच्या वर असतो आणि झाडाबरोबर जळतो. म्हणजे माळ खणून झाडे लावताना आपण एक तिजोरी फोडून तिच्यातील ऐवज दुसऱ्या, अधिक कच्च्या तिजोरीत ठेवीत असतो. ही गोष्ट मेंढपाळ कर्बाच्या भाषेत सांगणार नाही. “या माळावर झाडं जगत नाहीत, गवत जगतं,” एवढेच तो म्हणेल.

दुसरे रूप सौर ऊर्जेचे, आणि ते अधिक अवघड आहे. शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ साली सुरू झाला आणि त्यासाठी सरकारी जमिनी व गायराने देण्यात येऊ लागली. ज्याने कडाक्याच्या थंडीत रात्री दोन वाजता उसाला पाणी दिले आहे, विंचूकाट्याच्या भीतीने जीव मुठीत धरून दारे धरली आहेत, त्याला दिवसाच्या विजेचे मोल विचारावे. कोळसा कमी जळावा हीही सर्वांच्याच हिताची गोष्ट. तेव्हा येथे एका बाजूला लोभ आणि दुसऱ्या बाजूला सद्गुण असा सोपा सामना नाही. दोन्ही बाजूंना खरे हित आहे. परंतु तारेचे कुंपण ज्याच्या वाटेवर पडते त्या मेंढपाळाने तापमान वाढविलेले नाही. ज्याच्याकडे मोटार नाही, कारखाना नाही, वातानुकूलित खोली नाही, त्याच्याच चराईवर सगळ्या जगाच्या तापाचे औषध उगाळायचे, आणि तेही त्याला न विचारता, हे न्याय्य आहे काय?

हाच प्रश्न उत्तर ध्रुवाभोवतीच्या लोकांपुढे आपल्याआधी आणि आपल्याहून तीव्रतेने उभा राहिला. सुप्याच्या माळावरून एकदम बर्फाच्या प्रदेशात जाणे वाचकांना विचित्र वाटेल. पण त्या प्रदेशालाही दप्तराने पोटखराबाच ठरविले होते. नकाशावर पांढरा भाग दिसला की तो रिकामा आहे असे युरोपातील लोक समजत. वास्तविक तेथे इन्युइट, सामी आणि इतर अनेक जमाती हजारो वर्षे राहत आल्या आहेत. आज हा प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापत आहे, असे १९७९ पासूनच्या मोजमापांवर आधारलेल्या एका अभ्यासाने २०२२ साली दाखविले. बर्फ हा तेथील लोकांचा रस्ता आहे, शिकारीचे मैदान आहे, घराचा आधार आहे.

इन्युइट लोकांनी १९७७ साली आपली देशोदेशींची परिषद स्थापिली. या परिषदेच्या अध्यक्षा असताना शीला वॅट-क्लूटिए या बाईंनी डिसेंबर २००५ मध्ये एक असाधारण गोष्ट केली. कॅनडा आणि अलास्का येथील ६२ शिकारी व वडीलधाऱ्या माणसांसह त्यांनी अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगाकडे अर्ज केला की, अमेरिकेने सोडलेल्या वायूंमुळे आमचे मानवी हक्क पायदळी तुडविले जात आहेत. थंडी हा आमचा हक्क आहे, असा त्या म्हणण्याचा मथितार्थ. आयोगाने २००६ साली तो अर्ज पुढे चालविण्यास नकार दिला; पुढल्या वर्षी बाईंना म्हणणे मांडण्याची संधी मात्र दिली. अर्ज हरला असे म्हणता येईल. तरी तोवर ध्रुवीय अस्वलाच्या चित्रांतून बोलला जाणारा विषय त्या दिवसापासून माणसांचा विषय झाला, आणि तो त्या माणसांनीच केला.

याहूनही मला अधिक विचार करायला लावणारी हकिगत अलास्कातील देवमाशांची आहे. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड जातीच्या देवमाशाची शिकार स्थानिक इन्युपियाट लोकांनाही बंद केली. शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे हे मासे दोन हजारांहूनही कमी उरले होते. बॅरो गावचे शिकारी म्हणाले, मोजणी चुकली आहे. तुम्ही बर्फाच्या कडेला उभे राहून मोकळ्या पाण्यातून जाणारे मासे मोजता. परंतु हा मासा बर्फाखालूनही जातो, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतो, आणि तुमच्या नजरेच्या पलीकडून निघून जातो. पुष्कळांना ही शिकार चालू ठेवण्याची सबब वाटली. पण हॅरी ब्राउअर नावाच्या वृद्ध शिकाऱ्याचे म्हणणे टॉम अल्बर्ट या शास्त्रज्ञाने मनावर घेतले. पाण्याखाली ध्वनियंत्रे सोडून माशांचे आवाज टिपण्यात आले. शिकारी सांगत होते तसेच निघाले. १९९३ च्या मोजणीत ही संख्या आठ हजारांच्या आसपास आली. दरम्यान शिकाऱ्यांनी आपला स्वतंत्र आयोग स्थापून शिकारीची मर्यादा स्वतःच पाळायला सुरुवात केली होती.

या हकिगतीतून शास्त्र खोटे आणि शिकारी खरा असा निष्कर्ष काढणे उथळपणाचे होईल. ध्वनियंत्राशिवाय शिकाऱ्याचे म्हणणे जगाला पटले नसते. पण यंत्र कोठे सोडायचे हे शिकाऱ्याशिवाय कळले नसते. अल्बर्ट यांचा मोठेपणा असा की, आपल्यापेक्षा कमी शाळा शिकलेल्या माणसाचे बोलणे त्यांनी पुरावा म्हणून ऐकले. ‘त्यांचीही मते जाणून घेऊ’ अशा औदार्याच्या सुरात नव्हे. आपल्याकडे सभांतून स्थानिकांना बोलावले जाते ते बहुधा या दुसऱ्या सुरात. हार घालतात, छायाचित्र काढतात, आणि ठराव आदल्या दिवशी टंकलिखित झालेला असतो.

तिसरे उदाहरण तर थेट आपल्या सौर प्रकल्पांशेजारी ठेवण्यासारखे आहे. नॉर्वेतील फोसेन या भागात सामी लोक रेनडिअर चारतात. तेही आपल्या धनगरांसारखे ऋतूप्रमाणे फिरणारे पशुपालक. त्यांच्या हिवाळी कुरणांवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. स्वच्छ वीज मिळाली, पण कळप त्या जागा टाळू लागले. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, या परवान्यांमुळे सामी पशुपालकांच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग झाला आहे. तरीही चक्क्या फिरतच राहिल्या. २०२३ च्या हिवाळ्यात सामी तरुण-तरुणींनी ऑस्लोमध्ये मंत्रालयांची दारे अडविली, तेव्हा हवामानासाठी लढणारी ग्रेटा थुनबर्ग त्यांच्या शेजारी बसली होती. हवामानरक्षणाचे काम असेल तर कोणाच्याही जमिनीवर पाय देता येतो, हे तिला मान्य नव्हते. अखेरीस डिसेंबर २०२३ आणि मार्च २०२४ मध्ये तडजोडी झाल्या.

येथे आपल्या परिचयाची एक जुनी कथा आठवते. राजे या ग्रंथाच्या पहिल्या भागात इज्रेलच्या नाबोथाची गोष्ट आहे. त्याचा द्राक्षमळा अहाब राजाच्या वाड्याला लागून होता. राजाला तेथे भाजीपाल्याची बाग करायची होती. पुढे ईजबेल राणीने रचलेले कारस्थान, नाबोथाचा खून आणि एलिया संदेष्ट्याचा संताप आपल्या ध्यानात राहतो; कथेची सुरुवात आपण विसरतो. राजाचा प्रस्ताव मुळात वाईट नव्हता. याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो, असे तो म्हणाला होता. आजच्या भाषेत हा योग्य मोबदला. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी होती म्हणून नव्हे. तो मळा वाडवडिलांचा होता, आणि जे आपल्याकडे केवळ राखणीला आहे ते विकण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्याचे म्हणणे होते. अहाबाला हे कळू शकले नाही. तो रुसून, तोंड फिरवून बिछान्यावर पडला. मोबदला देऊ केल्यावरही कोणी नाही म्हणतो, याचे आजच्या नियोजनकर्त्यांना वाटणारे आश्चर्य त्याच जातीचे आहे.

अर्थात नाबोथाकडे निदान मळ्याची मालकी होती. मेंढपाळाकडे माळाचा कागद नसतो. तो वर्षातून चार महिने तेथे असतो आणि आठ महिने नसतो. त्याचा हक्क वापराचा आहे, आणि वापराचा हक्क आपल्या दप्तराला नीट दिसत नाही. वनहक्क कायद्याने २००६ साली भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मान्य केला आहे. पण जो अनुसूचित जमातीत नाही त्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे पंच्याहत्तर वर्षांचा रहिवास सिद्ध करायचा आहे. महाराष्ट्रातील धनगर भटक्या जमातींत मोडतात. ज्याचे आजोबा घोड्यावर बिऱ्हाड लादून फिरत होते त्याने आजोबांचा पत्ता कोठून आणावा?

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की, पृथ्वी सर्वांची आहे. वातावरणाला तालुक्याची हद्द नाही. मग सर्वांच्या संकटावरील निर्णय एका गावाच्या किंवा एका जमातीच्या होकारावर कसा सोडावा? शिवाय स्थानिक माणूस म्हणजे साधू नव्हे. हा आक्षेप मला वजनदार वाटतो. बारामती-इंदापुरातच माळ फोडून ऊस लावणारे, जाळे लावून ससे-तितर मारणारे, गायरानावर अतिक्रमण करणारे परग्रहावरून आलेले नाहीत. उत्तरेकडेही तसेच आहे. अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरील अनेक इन्युपियाट नेते तेलाच्या विहिरींचे समर्थन करतात, कारण त्यांच्या शाळा आणि नळ तेलावरील करातून आले आहेत. उलट ग्रीनलँडच्या सरकारने २०२१ साली तेल शोधण्याचे नवे परवाने देणे बंद केले. दोन्ही निर्णय त्या त्या भूमीतील लोकांचेच. तेव्हा ‘स्थानिकांना विचारा, ते निसर्गच राखतील’ असे आश्वासन कोणी देऊ नये. ते सत्य नाही, आणि त्यात एक छुपा अपमानही आहे. त्यांनी आपल्या मनासारखे उत्तर दिले तरच त्यांचा हक्क मानायचा, असा त्याचा अर्थ होतो.

माझ्या मते त्यांचा अग्रहक्क त्यांच्या पावित्र्यातून येत नाही. निर्णय चुकला तर त्याची फेड कोणी करायची, या प्रश्नातून तो येतो. माळावरील प्रकल्प फसला तर अधिकाऱ्याची बदली होते, कंपनी दुसरा माळ शोधते, देणगीदार पुढील वर्षी दुसरे कार्य हाती घेतो. मेंढपाळाला मात्र त्याच वाटेने जूनमध्ये परत यायचे असते. ज्याला परत यायचे आहे त्याचे म्हणणे आधी ऐकले जावे, यात उपकार नाहीत. याला मर्यादाही आहेत. नाबोथाला मळा न विकण्याचा अधिकार होता, शेजाऱ्याच्या विहिरीत विष टाकण्याचा नव्हता. स्थानिकाचा शब्द पहिला असावा असे म्हणताना तोच शेवटचा असावा असे मी म्हणत नाही. आज त्याचा शब्द पहिलाही नाही आणि शेवटचाही नाही, ही अडचण आहे.

पहिला शब्द देणे म्हणजे काय, याचे एक रूप १९९६ साली ओटावा येथे स्थापन झालेल्या आर्क्टिक परिषदेत पाहायला मिळते. तेथे आठ राष्ट्रांबरोबर मूळ रहिवाशांच्या सहा संघटना कायम सहभागी म्हणून त्याच मेजाभोवती बसतात. निर्णय राष्ट्रांच्याच सहमतीने होतात. संघटनांना मताधिकार नाही. परंतु त्यांच्याशी पूर्ण विचारविनिमय केल्यावाचून पुढे जाता येत नाही. भारत २०१३ पासून या परिषदेत निरीक्षक आहे. म्हणजे एवढ्या मोठ्या देशाचा प्रतिनिधी मागे बसून ऐकतो आणि रेनडिअर चारणाऱ्यांचा प्रतिनिधी पुढे बसून बोलतो. ही आसनव्यवस्था आपल्या देशाने स्वीकारली आहे, आणि मला तर ती फार आवडली. दिल्लीने उत्तर ध्रुवाजवळ जे मान्य केले ते इंदापूर तालुक्यात मान्य करायला हरकत नसावी.

आपल्याकडे साधन आहे ते ग्रामसभेचे. गायरानासारख्या सामाईक जमिनी गावाच्याच राहाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ च्या जगपाल सिंग प्रकरणातील निकालात बजावले आहे. पण ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न त्यापुढे उरतो. उसाचा बागायतदार, सरपंच, पुण्यात नोकरीला असलेला जमीनमालक आणि वाड्याबरोबर कोकणात गेलेला मेंढपाळ हे सगळे एकाच मतदारयादीत असतात, तरी माळावर त्यांचे हित एक नसते. ग्रामसभा बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी भरविण्याचा प्रघात आहे. यांपैकी पहिल्या दोन दिवशी वाडे गावाबाहेर, पुष्कळदा घाटाखाली असतात. गायरान सौर प्रकल्पाला द्यावे असा ठराव १ मे रोजी मांडला गेला, तर तो कोणीही विरोध न करता मंजूर होईल आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ असे लिहिले जाईल. त्यात कोणी खोटेपणा केला असेही म्हणता येणार नाही.

संयुक्त राष्ट्रसंघाने २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आहे. अशा वर्षांत परिसंवाद होतात, टपाल तिकिटे निघतात, आणि त्यालाही आपली अशी जागा आहे. पण बारामती-इंदापुरापुरते पाहायचे तर मागणी याहून बरीच साधी आहे. ज्या सभेत माळाचा विषय निघणार असेल ती वाडे घरी असताना बोलवावी, तिची दवंडी वस्त्यांवर द्यावी, आणि माळावर खड्डे कोठे घ्यायचे किंवा कुंपण कोठून न्यायचे हे ठरविण्यापूर्वी कळपांच्या वाटा त्यांच्याकडूनच नकाशावर आखून घ्याव्यात. सौर पट्ट्या कालव्याकाठच्या चोपण जमिनीवर, कारखान्यांच्या आणि गोदामांच्या छपरांवर बसू शकतात काय, हे आधी पाहावे. तेथे भागत नसेल तर मग माळाकडे यावे आणि विचारून यावे. आषाढापासून आश्विनापर्यंतचे चार महिने या बोलण्यासाठी पुरेसे आहेत. दिवाळीनंतर वाडे पुन्हा घाटाकडे निघतात.